जावयाच्या घशातला काटा

लेकीच्या लग्नाला सहा महिने झाले होते आणि दिवाळीला जावई पहिल्यांदाच मुक्कामी येणार होता. दुसरा कोणी असता तर घराला चुना मारला असता, नवी चादर आणली असती. खुशाल पचारेनं यातलं काही केलं नाही. तो चार दिवस नुसता तलाव पाहत बसला.

मोहटोल्याचा तलाव त्याला पाठ होता. कोणत्या कोपऱ्यात चिखल, कुठे शेवाळ, कुठल्या दगडाआड मासोळी दबा धरून बसते, हे त्याला डोळे मिटून सांगता येई. बापजाद्यांपासूनचा मासेमारीचा धंदाच तो. नागभीडच्या बाजारात गावचे ढिवर मासोळ्या घेऊन बसत, तेव्हा खुशालच्या टोपल्याजवळ गिऱ्हाइकं आधी थांबत. या वेळी मात्र त्याला बाजारासाठी काही नको होतं. त्याला एक मरळ हवी होती. मोठी, काळ्या पाठीची आणि स्वतःच्या हातानं धरलेली.

याला कारण होतं. जावई प्रफुल माजरीचा. कोळशाच्या खाणीच्या वर्कशॉपात पक्की नोकरी, कॉलनीत क्वार्टर, दाराशी मोटारसायकल. लग्नाच्या बोलणीला खुशाल त्या क्वार्टरमध्ये गेला होता, तेव्हा गुळगुळीत फरशीवर पाय कुठे ठेवावा हेच त्याला समजेना. फ्रिज, कूलर, भिंतीएवढा टीव्ही. आपल्या दामिनीला सुख लागेल याचा आनंद झाला, पण लगेच दुसरा विचारही आला. या लोकांना आपण काय देणार? यांच्याकडे नाही असं आपल्या घरी आहे तरी काय?

तेव्हा व्याह्यांनीच वाट दाखवली होती. चहाचा घोट घेत ते म्हणाले होते, "आमी माजरीले राहतो, पण मूळचे ढिवरच, भाऊ. मासोळीशिवाय घास उतरत नाई आमचा."

खुशालनं ते वाक्य तेव्हापासून जपून ठेवलं. सारं काही असू दे त्यांच्या घरी, पण मोहटोल्याची मरळ कुठून येणार माजरीला?

पाचव्या दिवशी पहाट सरल्यावर ती जाळ्यात आली. दीड हात लांब. खुशाल ती ओल्या पोत्यात गुंडाळून घरी घेऊन आला, तेव्हा लेकाचं बारसं असल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

त्याची बायको गोकुळा अंगणात भांडी घासत होती. हात धुऊन ती उठली.

"आयका ना. दामिनीचा फोन आला होता. ते म्हणते का जवाईबापूले..."

"डोकं येगळं ठेवजो," खुशाल म्हणाला. "डोकं जवाईबापूच्या ताटात."

"डोक्याचं नाई म्हणत मी."

"मंग शेपटीचं? शेपटी मुखरूभाऊले दे. ते सकाळपासून तीन चक्करा मारून गेले."

"अवो, पुरं आयकून तं घ्या."

पण खुशाल तोवर विळी शोधायला आत गेला होता. पाहुणे येईपर्यंत गोकुळानं आणखी दोनदा तोंड उघडलं. एकदा त्यानं तिला अंबाडीचं आंबट किती घालायचं ते सांगितलं आणि एकदा तिखट किती. गोकुळाची हयात चुलीपुढे गेली होती. नवऱ्याकडून स्वयंपाक शिकायची वेळ आली म्हटल्यावर ती गप्प बसली.

मरळ एकटी पुरणार नाही म्हणून खुशालनं सोबत बारीक करवड्याही आणल्या होत्या. बोटाएवढ्या मासोळ्या, तळल्या की कुरकुरीत. चवीला न्याऱ्या, पण काट्यांचं नुसतं जंगल. ढिवराघरचं लेकरू चार वर्षांचं झालं की जिभेनं ते काटे वेगळे करायला शिकतं, त्यामुळे त्याचा विचार करायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

साडेअकराच्या सुमारास मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. दामिनी उतरली. हिरवी साडी, केसांवर वाटेची धूळ. प्रफुल वाकून पाया पडला. पोरगा सालस होता, बोलणं कमी, हसणं हळू. त्याला पाहायला शेजारीपाजारी जमलेच. मुखरूभाऊ, गावातले सगळ्यात जुने ढिवर, ओट्यावर बैठक मारून बसले. शेजारची मंगलीआत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ती कोणाची सख्खी आत्या नव्हती, पण साऱ्या गावाचीच आत्या होती.

"काय म्हणते माजरी?" मुखरूभाऊंनी विचारलं. "मासोळी भेटते का तिकडं?"

"भेटते ना," प्रफुल म्हणाला.

"तलावाची नाई भेटत," खुशाल घाईनं म्हणाला. "बर्फातली भेटते. तुमाले आवडते ना, जवाईबापू?"

"हो मामाजी. लय आवडते."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दामिनीच्या हातून पळी निसटली होती.

पानं वाढली. पुरुषमंडळी आधी जेवणार, बायका मागून, ही नेहमीची रीत. नव्या तांदळाचा वाफाळता भात, मरळीचा लालभडक रस्सा, झिंग्यांची चटणी आणि तळलेल्या करवड्यांचा ढीग. प्रफुलच्या ताटात मधोमध मरळीचं डोकं. ते त्याच्याकडे पाहत होतं आणि तो त्याच्याकडे.

खुशाल स्वतः जेवला नाही. तो वाढायला उभा राहिला. जावई मोठमोठे घास करून न चावताच गिळतोय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला भरून आलं. केवढी ही आवड. पोरगं किती दिवसांचं भुकेलं असेल.

"आणखी घ्या."

"बस झालं मामाजी."

"असं कसं बस? करवड्या तं तुमी चाखल्याच नाई." खुशालनं चार करवड्या ताटात टाकल्या. प्रफुलनं दामिनीकडे पाहिलं. दामिनीनं आईकडे पाहिलं. गोकुळानं छताकडे पाहिलं. मग प्रफुलनं एक करवडी उचलली, भाताच्या गोळ्यात दाबली आणि डोळे मिटून गिळली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याचा चेहरा आधी लाल, नंतर करडा झाला. हात गळ्याशी गेला.

"काटा," दामिनी म्हणाली आणि धावली.

त्यानंतरचा अर्धा तास मोहटोल्यात पुढली कित्येक वर्षं सांगितला जाईल. पहिला उपाय सुक्या भाताच्या गोळ्याचा झाला. काटा हलला नाही. दुसरा केळ्याचा. प्रफुलनं दोन केळी खाल्ली; काटा तिथेच आणि पोट मात्र डब्ब. मुखरूभाऊंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"आमच्या आज्याच्या येळी काय करत होते? ज्यानं मासोळी धरली त्याचंच जाळं डोक्यावर ठेवत होते. काटा आपल्या धन्याले ओळखते. खाली उतरते."

कोणाला हसू आलं नाही. खुशाल धावत गेला आणि अजून ओलंच असलेलं जाळं घेऊन आला. पक्क्या नोकरीचा जावई अंगणातल्या खाटेवर डोक्यावर जाळं घेऊन बसला. पाणी त्याच्या नव्या शर्टावर ठिबकत होतं आणि हातात तिसरं केळं होतं.

"जाळ्यानं काई होत नाई," मंगलीआत्या म्हणाली. "मांजराचा पंजा फिरवा लागते गळ्यावरून. तीनदा."

ती स्वतःची मांजर काखेत मारून आलीही. मांजरीनं स्वतःला खाटेपर्यंत आणू दिलं. मग तिला वास लागला. आत्याच्या हातून उसळी मारून ती सरळ ताटावर गेली, दोन करवड्या तोंडात घेतल्या आणि कवेलूंच्या छपरावर चढून सगळ्यांसमोर काट्यांसकट फस्त केल्या.

"तिले काऊन लागत नाई काटा?" गर्दीतल्या कोणीतरी विचारलं.

तेवढ्यात प्रफुलचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पहिल्या दिवाळीला लेकाचा पाहुणचार कसा चाललाय ते पाहायला त्याच्या आईनं लावला होता. कोणीतरी शहाणपणा करून तो उचलला आणि प्रफुलसमोर धरला. विहीणबाईंना पडद्यावर आपला मुलगा दिसला: डोक्यावर जाळं, डोळ्यांत पाणी, गालात केळं.

"हे काय चालू आहे?"

दामिनीनं फोन घेतला. "आई, काटा लागला यायले. मासोळीचा."

पलीकडे विहीणबाईंनी चेहरा पडद्याला भिडवला. मग विहीणबाई म्हणाल्या, "मासोळी? त्याले मासोळी कोणी देल्ली? पाच वर्साचा होता तवा काटा लागला होता, तवापासून हात नाई लावला त्यानं. वासबी चालत नाई. वीस वर्स झाले, आमच्या घरी मासोळी शिजत नाई. सांगतलं नाई का त्यानं?"

फोनचा आवाज मोठा होता. अंगणातल्या तीसेक माणसांनी तो ऐकला.

खुशाल जागच्या जागी उभा राहिला. हातात वाढायचं पातेलं होतं. मुखरूभाऊ आधी दबकत आणि मग मोकळ्यानं हसू लागले. "ढिवराचा जवाई आन् मासोळी खात नाई. हे तं असं झालं का..." कसं झालं ते त्यांना सुचलं नाही, म्हणून ते पुन्हा हसले.

"मी आईले सांगतलं होतं, बाबा," दामिनी खाली मान घालून म्हणाली. "काल फोन केला होता."

"आन् मी तुमाले सांगाले आली होती," गोकुळा म्हणाली. "तीनदा. तुमी मले अंबाडी शिकवून राह्यले होते."

खुशालनं पातेलं खाली ठेवलं. त्याला राग आला होता, पण कोणावर धरावा ते कळत नव्हतं. जावयानं तोंडावर खोटं सांगितलं. व्याह्यानंही सांगितलं. इतके महिने ज्याच्यावर मान ताठ ठेवली, ते एक वाक्यच पोकळ निघालं. पण समोर पोरगा गळा धरून बसला होता. राग नंतर करता येईल.

"सूरजले बोलवा," तो म्हणाला. सूरज गावातला एकुलता एक ऑटोवाला. "नागभीडले नेतो मी यायले."

दामिनी पदर खोचून निघाली तेव्हा गोकुळानं तिचा हात धरला. "राहू दे. दोघायलेच जाऊ दे."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला होता. भाताच्या बांध्यांमध्ये बायका ओणव्या होत्या. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची पोस्टरं झाडाझाडाला लागली होती. एरवी खुशालनं जावयाला एकेक दाखवलं असतं. आज तो ऑटोच्या एका कडेला आणि प्रफुल दुसऱ्या कडेला. मधे एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी.

"मा..." प्रफुलनं सुरुवात केली आणि कळवळला.

"बोलू नका," खुशाल बाहेर पाहत म्हणाला.

प्रफुलनं फोन काढला. बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि फोन सासऱ्यापुढे धरला. खुशालनं तो हातभर लांब नेला, मग नाकाजवळ आणला. चष्मा घरी राहिला होता. शेवटी त्यानं तो पुढे सूरजकडे दिला. सूरजनं ऑटो पळसाच्या सावलीत थांबवला आणि शाळेत धडा वाचावा तसं मोठ्यानं वाचू लागला.

"मामाजी, चूक माझी आहे. दामिनी म्हणत होती खरं सांगून द्या. मीच तिला थांबवलं. तिने सांगितलं की तुम्ही चार दिवसांपासून माझ्यासाठी तलावावर बसून आहात. माझ्यासाठी आजपर्यंत कोणी चार दिवस काही शोधलं नव्हतं. मग नाही कसं म्हणू?" सूरज थांबला. "पुढं हात जोडल्याचं चित्र आहे, भाऊ. दोन आहेत."

खुशालनं फोन परत घेतला आणि जावयाच्या हातात दिला. "चालव गाडी," तो सूरजला म्हणाला.

नदीचा पूल गेला. मग तो म्हणाला, "सूरज, त्यायले सांग, मी चिडलो नाई."

"भाऊ, ते तुमच्या बाजूलेच बसून आहे."

"तरी सांग."

"जवाईबापू," सूरज आरशात पाहत म्हणाला, "भाऊ चिडले नाई."

प्रफुलनं मान हलवली. खुशालनं ते पाहिलं नाही असं दाखवलं. मात्र पुढच्या खड्ड्यात ऑटो आदळला आणि पोरगा गळ्याला हात लावून वाकला, तेव्हा त्याचा हात आपसूक त्या रिकाम्या जागेवरून पलीकडे गेला आणि जावयाच्या पाठीवर टेकला. नागभीड येईपर्यंत तो तिथेच राहिला.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं प्रफुलला आ करायला लावलं, जीभ दाबली, टॉर्च मारला आणि चिमट्यानं दोन मिनिटांत काटा बाहेर काढला. कापसावर ठेवून दाखवला. पापणीच्या केसापेक्षा थोडा मोठा.

"कोणी खाऊ घातलं यांना?"

"मी," खुशाल म्हणाला.

तो कापसावर वाकला. निरखून पाहिलं. "मरळीचा नाई हा," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात दिवसभरात पहिल्यांदा थोडा जीव आला. "करवडीचा आहे. मरळीत असे काटे राहतच नाई, बाई."

डॉक्टरीणबाईनं गंभीरपणे मान डोलावली. "दोन दिवस मऊ खाऊ द्या. कसलीच मासोळी नको."

बाहेर चहाच्या टपरीवर दोघं बाकावर बसले. सूरज हवा भरायला गेला होता. प्रफुल चहा निववून निववून पीत होता. त्याला आता बोलता येत होतं, हळू, घोगऱ्या आवाजात.

"बाबा उगाच बोलले तुमच्यासमोर," तो म्हणाला. "त्यायले लाज वाटते. आमच्या आज्यानं खाणीत काम धरलं, तवा जाळं इकून टाकलं. बाबाले जाळं टाकता येत नाई. मले तं पोहताबी येत नाई. गावचे ढिवर कवा भेटले का बाबा मोठमोठ्यानं मासोळीच्याच गोष्टी करते. इसरलो असं कोणी म्हणू नाई म्हणून."

खुशाल कपातल्या सायीकडे पाहत राहिला. ज्या घरच्या फरशीवर त्याचा पाय घाबरला होता, त्याच घरचा माणूस त्याच्यासमोर घाबरला होता, हे त्याला कसं म्हणून सुचलं असतं?

"मले वाटलं," तो अडखळत म्हणाला, "तुमच्या घरी सारंच आहे. मी काय देणार? माझ्याजवळ तलाव आहे फक्त. म्हणून मीबी... लयच केलं. पोट भरलं म्हणत होते तुमी, तं मी वाढतच गेलो."

"वाढतच गेले," प्रफुलनं कबूल केलं.

खुशाल हसला. प्रफुलही हसला आणि लगेच गळा धरला.

"मंग काय आवडते तुमाले? खरं सांगा आता."

"वरण-भात," प्रफुल म्हणाला. "तूप टाकून."

"एवढंच?"

"आलूची भाजी असली तं."

खुशालनं सुस्कारा सोडला. चार दिवस तलावावर काढले होते आणि पोराला हवं होतं ते घरच्या कणगीत आणि डब्यात पडून होतं.

ते परतले तेव्हा उन्हं कलली होती. अंगण रिकामं होतं. तमाशा संपला म्हणून लोक आपापल्या कामाला गेले होते. जाळं दोरीवर वाळत होतं. खुशाल "आयकलं का" म्हणत स्वयंपाकघराच्या दारापाशी आला आणि थबकला.

दामिनी चुलीजवळ पाटावर बसून जेवत होती. नुसती जेवत नव्हती. मरळीचं ते डोकं तिच्या ताटात होतं आणि ती दोन्ही हातांनी ते खात होती. कोपरापर्यंत रस्सा, नाकाला घाम, साडीचं भान नाही. एकेक हाड चोखून ती ताटाच्या कडेला ओळीनं मांडत होती. समोर गोकुळा हातावर हनुवटी टेकून तिच्याकडे पाहत बसली होती.

विहीणबाईंचं बोलणं खुशालला तेव्हा कुठे ऐकू आलं. वीस वर्षं झाली, आमच्या घरी मासोळी शिजत नाही. अंगणात ते ऐकताना त्याला फक्त स्वतःची फजिती ऐकू आली होती. ही पोरगी त्याच घरात राहते, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. वैशाखात लग्न झालं. नागपंचमीला दोन दिवस आली, तेव्हा श्रावण होता, घरात मासोळी नव्हती. म्हणजे सहा महिने. तलावाकाठी जन्मलेली, दात येण्याआधी रस्सा चाखलेली पोर. आणि आजच्या एवढ्या थोरल्या जेवणात तिच्या पुढ्यात काय पडेल, याचा त्यानं एकदाही विचार केला नव्हता.

दामिनीची नजर वर गेली. बाप दारात, त्याच्यामागे नवरा. ती गडबडून उठू लागली. "कसं आहे आता? निघाला का काटा?"

"निघाला. बस तू. खा," खुशाल म्हणाला.

तो आत आला, चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि खाली बसून लेकीच्या ताटात रस्सा वाढला. घरातल्या बाईमाणसाला त्यानं आयुष्यात कधी वाढलं नव्हतं, त्यामुळे निम्मा भाताबाहेर सांडला. गोकुळानं पाहिलं आणि फडकं पुढे केलं.

प्रफुल दारातच उभा होता. "घरी काऊन नाई बनवलं कवा?" त्यानं विचारलं.

"तुमाले वासानं कसंतरी होते ना."

"सांगतलं असतं तं."

"तुमी इचारलं नाई," दामिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती हाडाचा शेवटचा तुकडा शोधत होती.

प्रफुल बराच वेळ चौकटीवर बोट घासत राहिला. "मायबी पयले लय खाये म्हणते," तो म्हणाला. "सुकी मासोळी तिच्या जीवाची होती. मले काटा लागला आन् तिनं शिजवणंच सोडलं. मले वाटे, तिले आवडत नसंल आता." तो थांबला. "मी तिलेबी नाई इचारलं कवा."

दामिनीनं आपलं ताट थोडं बाजूला सरकवलं. मग तो वाकून आत आला, रश्श्याच्या पातेल्यापासून जरा लांब, पण त्याच खोलीत, भिंतीला टेकून बसला. त्याला वास येत होता हे त्याच्या नाकावरून कळत होतं. तो उठला नाही. गोकुळानं त्याच्यापुढे वरण-भात ठेवला, वर तुपाची धार धरली. ती डाळ कधी शिजवली होती कोण जाणे. प्रफुल जेवला, आणि या वेळी चावून चावून जेवला. खुशाल मधे बसून एकदा इकडे पाही, एकदा तिकडे.

"तुमी जेवले का बाबा?" दामिनीनं विचारलं.

नव्हता जेवला तो. सकाळपासून पाण्यावर होता. गोकुळानं ताट केलं. मरळीचा एवढासा तुकडा उरला होता, बाकी करवड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखरूभाऊ ओट्यावर हजर झाले. रात्रीतून त्यांना ते राहिलेलं वाक्य सुचलं असावं. "खुशाल, तुया जवाई म्हणजे पाण्यातला बेडूक आन् पावसाले भ्याला."

"मुखरूभाऊ," खुशाल दात घासता घासता म्हणाला, "तुमी एवढे म्हातारे झाले, पण अजून वांगं खात नाई. आमी कवा हसलो का?"

मुखरूभाऊंना वांग्यानं खाज सुटते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते चहा पिऊन गेले.

जाताना गोकुळानं सुक्या मासोळीच्या दोन पुड्या बांधल्या, कागदावर कागद, त्यावर प्लास्टिक. एक दामिनीसाठी, एक विहीणबाईंसाठी. पुड्या पिशवीत ठेवताना दामिनी प्रफुलकडे पाहत होती. त्यानं पिशवी घेतली, मोटारसायकलला पुढे, स्वतःच्या नाकासमोरच अडकवली आणि किक मारली.

आठ दिवसांनी माजरीहून फोन आला. विहीणबाईंचा. गोकुळानं तो स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात पिठाचे होते. खुशाल ओट्यावर बसून जाळ्याची फाटकी घरं विणत होता, आणि आपण ऐकत नाही असं त्याच्या पाठीवरून दिसत होतं.

"सुकी मासोळी किती येळ भिजवाची, इसरली बाई मी," विहीणबाई म्हणत होत्या. "वीस वर्स झाले ना. दामिनी म्हणते अर्धा घंटा. मले वाटते जास्त. आमच्या दोघीचं जमून नाई राह्यलं."

"गरम पाण्यात टाका. मंग पंधरा मिंटंच पुरे," गोकुळा म्हणाली. "जवाईबापू कुठी आहे?"

"गेला चौकात. वास गेला का फोन करजा म्हणाला, मंग येतो." विहीणबाई हसल्या. "जाता जाता मले म्हणते, माय, खिडकी लावू नको, पूर्ण कॉलनीले कळू दे. आन् याचे बाबा भांड्यापाशीच बसून आहे, हालून नाई राह्यले."

गोकुळानं आंबटाचं सांगायला तोंड उघडलं. पण ओट्यावरून आधीच आवाज आला.

"अंबाडी टाका म्हणावं," खुशाल म्हणाला. "जास्त नाई. मूठभर."